पाय उडाला म्हणजे नस ठीक, असं नाही
गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडाला, म्हणून कंबरेतली नस शाबूत आहे, असं बरेचजण समजतात. ते अर्धंच खरं आहे. गुडघ्याचा झटका (रिफ्लेक्स) मुख्यतः एल-३, एल-४ या, कंबरेच्या मणक्यांतून निघणाऱ्या नसांच्या मुळांचा, घोट्यामागचा त्यांच्या खालच्या एस-१ मुळाचा. मधल्या एल-५साठी भरवशाचा रिफ्लेक्सच नाही! तिथे पायाचा अंगठा वर ओढायला लावून जोर बघतात, टाचांवर चालवतात. शिवाय दोन्ही पाय ताडून बघायलाच हवेत. उतारवयात घोट्याचा झटका दोन्हीकडे मंद असू शकतो, पण एकाच बाजूचा गेला असेल तर एस-१वर दाब असल्याची शंका घ्यावी. आणि लघवी अडकली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर कृपया अपॉइंटमेंटची वाट बघू नका, तडक इमर्जन्सी गाठा.