पारधी वस्तीतल्या पोरापोरींचा आरोग्य सर्व्हे ऑनलाइन करायचाय, संमतीचं कसं करू?

सोलापूरची_एमएसडब्ल्यू:
नमस्कार, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) शेवटच्या वर्षाला आहे. फासेपारधी समाजातल्या १५ ते २४ वयाच्या मुलामुलींचं आरोग्य असा विषय घेतलाय, तंबाखू, रक्त कमी असणं, पाळी, टेन्शन वगैरे. वस्त्या जिल्हाभर विखुरलेल्या, सारखं जाणं परवडत नाही आणि घरं कामासाठी कधी इथं तर कधी तिथं, म्हणून गूगल फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा आणि नंतर झूमवर चर्चा घ्यायची असं ठरवलंय. गाईड म्हणतात एथिक्स कमिटीला (संशोधनात लोकांचे हक्क जपले जातात का ते तपासून परवानगी देणारी समिती) संमती कशी घेणार ते नीट लिहून दे. फॉर्म मराठीत आहे, ४० प्रश्न.

निवृत्त_मास्तर:
४० प्रश्न? मोबाईलवर? मी तर दहाव्यालाच पळून जाईन 😄

फील्डवर्कवाली:
अगं आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या गाइडलाइन्स वाच आधी. १८ च्या आतल्यांसाठी आईवडिलांची संमती लागते आणि शिवाय त्या मुलाचं स्वतःचं हो, १२ च्या पुढं ते लेखी. आईला वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा, ते काम फॉर्ममधल्या एका टिकमार्कनं होत नाही. माहिती व्हॉइस नोटमध्ये सांग, मग कॉल करून काय समजलं ते त्यांच्याच तोंडून ऐक. आणि ग्रुप अजिबात नको, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट पण ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, त्यामुळं एकेकाला वेगळं पाठवावं लागणार, कंटाळा येईल पण इलाज नाही.

वस्तीवरचा:
ताई मी फासेपारधीच आहे, सोलापुरातलाच. तुमच्या फॉर्मात पहिला प्रश्न काय आहे, नाव गाव मोबाईल ना? तिथंच बंद करणार बघा पोरं. इंग्रजांनी १८७१ ला आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पुढं आमच्या लोकांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, सेटलमेंटला तारेच्या आत ठेवून हजेरी घ्यायचे, १९५२ ला कायदा गेला पण कुठं चोरी झाली की गाडी अजून आमच्याच वस्तीवर येते. कोण कुठं राहतंय हे लिहून घेणारा माणूस म्हणजे घरातली म्हातारी आधी घाबरते. दुसरं, घरात एकच स्मार्टफोन आणि तो भावाकडं, बहिणीला पाळीचं विचारलालाव तर मेसेज आधी कोण वाचणार? झूमचं तर सोडाच, एका खोलीत सहा जण.

सोलापूरची_एमएसडब्ल्यू:
हे माझ्या डोक्यातच नव्हतं. नाव काढते, ईमेल गोळा करायचं सेटिंग पण बंद करते. मग वस्तीची परवानगी पंचांकडून घेऊ का?

वस्तीवरचा:
पंचांना सांगा, डावलू नका, पण पंच हो म्हणाले म्हणजे पोरी हो म्हणाल्या असं नाही.

फील्डवर्कवाली:
बरोबर. समाजाच्या प्रमुखाची परवानगी जास्तीची असते, माणसाच्या संमतीच्या जागी चालत नाही. आणि डेटा नंतर कोणाकडं राहणार हे आत्ताच ठरव. अमेरिकेत हवासुपाई या आदिवासी लोकांचं रक्त १९९० पासून डायबेटिसच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलं, पुढं त्यावर स्किझोफ्रेनिया आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याचं पण संशोधन केलं, न विचारता. केस झाली, २०१० ला ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीनं ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. तुझ्याकडं रक्त नाही, उत्तरं आहेत, पण तेच लागू. कॅनडात फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, तर नियमच केलाय की आमच्या माहितीची मालकी आणि ताबा आमच्याकडं.

वस्तीवरचा:
आणि तंबाखू दारूचं विचारायला सगळेच येतात, दवाखान्यात केसपेपर काढताना आडनाव ऐकून कसं बोलतात ते कोणीच विचारत नाही. प्रश्न काय असावेत ते पोरांनाच आधी विचारा की. मी जमवतो थोडे जण, पण रिचार्जचे पैसे द्या त्यांना.

सोलापूरची_एमएसडब्ल्यू:
देते दादा, नक्की. पण प्रश्नच ठरले नाहीत असं कमिटीला कसं सांगू?

फील्डवर्कवाली:
दोन टप्पे लिही. पहिल्यात फक्त पोरांसोबत बसून प्रश्न ठरवणं, त्याची परवानगी घे. प्रश्न तयार झाले की दुरुस्ती म्हणून परत कमिटीपुढं टाक, ती मंजूर होईपर्यंत एकही लिंक पाठवू नको. गाईडला वेळ जास्त लागेल हे आजच सांगून ठेव.