क्रिटमध्ये (वर्गासमोर चित्र ठेवून होणाऱ्या चर्चेत) सगळे एका लाल रिळावरच अडकले. चित्र बदलू की माझं बोलणं?

अर्धवट_कॅनव्हास:

पेंटिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सत्राच्या मोठ्या कॉम्पोझिशनसाठी ३ × ४ फुटांचा आडवा कॅनव्हास घेतलाय, तैलरंगात. शिलाई मशीनवर काम करता करता आईला डुलकी लागलीय. मान डाव्या खांद्यावर कललेली, उजवा हात अजून सुईजवळच्या कापडावर, डावा मांडीवर. उजेड चित्राबाहेरून, उजवीकडून. खाली उजव्या कोपऱ्यात, घरंगळत जाऊन थांबलेलं लाल दोऱ्याचं रीळ. लिंबाएवढंसुद्धा नाही.

परवा अर्ध्यावरचं क्रिट झालं. चित्र इझलवर लावलं आणि मी सुटलेच. थकवा, न दिसणारं काम, लहानपणी मशीनच्या आवाजात लागणारी झोप. दहा मिनिटं तरी बोलले असेन. मग शांतता. मग मागून एकीने विचारलं, "ते लाल काय आहे?"

झालं. पुढचा सगळा वेळ रीळ. कुणाला रक्त वाटलं, कुणाला चेंडू, एकाने तर त्यातून बरंच तत्त्वज्ञान काढलं. मी प्रत्येकाला उत्तर देत बसले, की नाही नाही, मला तसं म्हणायचं नाहीये. शेवटी मॅडम म्हणाल्या, "आई झोपलीय ते ठीक, पण तुझं रीळ फारच जागं आहे." सगळे हसले, मीही हसले. ब्रश धुताना मात्र हसू आलं नाही.

तयारी केली नव्हती असं कुणी म्हणू नका. चौदा थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची रेखाटनं, केली होती, सगळी पेन्सिलीत. त्यांत रीळ म्हणजे एक ठिपका होता आणि तो ठिपका तिथे छान बसत होता. रंगाचा वेगळा अभ्यास केला नाही. म्हटलं सगळं करडं-तपकिरी आणि फिकं निळंच तर आहे, त्यात काय ठरवायचं.

पुढचं क्रिट नऊ दिवसांनी. रीळ काढून टाकू का? आणि बोलायचं आधी, नंतर, की बोलायचंच नाही?

किलकिले_डोळे:

रंगवून काढू नकोस अजून. आधी झाकून बघ.

भिंतीचा जो करडा मिसळला आहेस तोच एका कागदावर लाव, वाळू दे, रिळाहून थोडा मोठा तुकडा काप आणि वरून अलगद धर. चित्र ओलं असेल तर चिकटवू नकोस, कॅनव्हासच्या काठाला टेपने लोंबकळता ठेव. चित्रकार मातीसने १९३५ साली पहुडलेल्या स्त्रीचं ते मोठं गुलाबी चित्र करताना हेच केलं होतं. रंगीत कागदाचे तुकडे कॅनव्हासला टाचून जागा बदलत राहायचा आणि मधल्या अवस्थांचे फोटो काढून ठेवायचा. असे बावीस फोटो आहेत. त्याला कागद चालतो तर आपल्याला का चालू नये.

दुसरं, फोनवर चित्राचा रंग काढलेला, म्हणजे काळा-पांढरा, फोटो घे. माझा अंदाज, रीळ जवळजवळ गायब होईल. कॅडमियम रेड दिसतो भडक, पण उजळपणात तो साधारण मधल्या करड्याच्या आसपास असतो. म्हणजे तुझ्या पेन्सिलच्या थंबनेलांनी तुला फसवलं नाही, त्यांना रंगाची तीव्रता दाखवताच येत नव्हती. फोनचे फिल्टर लाल रंगाशी मनमानी करतात, म्हणून डोळे बारीक करूनही खात्री करून घे.

आणि रिळाची कड बघ. आईच्या चेहऱ्यापेक्षा ती धारदार असणार, पैजेवर सांगतो.

खरवडपट्टी:

वरच्यांचं तंत्र बरोबर आहे, पण सगळे रिळाला दाबायला का निघालेत? मुली, तू चौदा वेळा ते तिथे ठेवलंस. हात आपोआप तिकडे गेला असेल तर त्याला काही कारण असेल.

पिकासोचं गेर्निका हे चित्र कसं कसं बदलत गेलं त्याचे फोटो छायाचित्रकार डोरा मारने १९३७ मध्ये काढलेत, शोधून बघ. सुरुवातीला पडलेल्या सैनिकाचा हात मूठ वळून उभा सरळ वर गेलेला आहे. नंतर त्या मुठीत धान्याच्या लोंब्या, मागे सूर्य. मग सगळंच गेलं. चित्रातली सगळ्यात ठसठशीत गोष्ट होती ती! पण ती गेल्यावर बाकीच्यांना बोलावं लागलं.

म्हणून कागद लावलास की "रीळ नसताना बरं दिसतं का" एवढंच विचारू नकोस. नजर आता कुठे जाते आणि तिथे तुला काय सापडतं, ते बघ. ते सापडलेलं आवडेलच असं नाही.

(मॅडमचं वाक्य मात्र झकास. वहीत लिहून ठेव.)

मागचा_बाक:

बोलण्याबद्दल कुणीच काही म्हणालं नाही, म्हणून लिहितो. मी क्रिटमध्ये बरीच वर्षं दोन्ही बाजूंना बसलोय.

दहा मिनिटं तुम्ही काय सांगितलं ते लोकांनी ऐकलं, आणि ऐकताना चित्रातून ते शोधायला लागले. सापडलं नाही म्हणून जे न सांगितलेलं होतं ते धरून बसले. रीळ तेवढं तुमच्या भाषणात नव्हतं, बरोबर?

लिझ लेर्मन या नृत्यदिग्दर्शिकेने १९९० मध्ये अशा चर्चेची एक पद्धत बसवली, ती चित्रालाही चालते. आधी बघणाऱ्यांनी काय जाणवलं ते सांगायचं. मग कलाकाराने प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यात मत लपवायचं नाही. "हात एवढा मेलेला का?" हा प्रश्न नाही, टोमणा आहे. "हाताचा रंग कशावरून ठरवलास?" हा प्रश्न. मत सगळ्यात शेवटी, तेही कलाकाराला हवं असेल तर. वर्गात एवढी शिस्त पाळली जात नाही, पण निदान पहिली पायरी मागून घ्या.

"कसं वाटलं" विचारू नका, "छान" मिळतं. "आधी काय दिसलं, मग काय, आणि नजर कुठे अडली" एवढंच विचारा. मैत्रिणीला टिपायला बसवा, कारण स्वतः लिहिताना माणूस सोयीचं तेवढं लिहितो. आणि उत्तरं देऊ नका. कुणाला रक्त दिसलं तर दिसू द्या, ती माहिती आहे.

अर्धवट_कॅनव्हास:

परवा क्रिट झालं. सगळ्यांना आधी धन्यवाद, मग तक्रार.

रंग काढलेल्या फोटोत रीळ खरंच भिंतीत विरघळलं. डोळे किलकिले करूनही तेच. आणि हो, पैज जिंकलात. कड सुरीसारखी, आणि आईचा गाल नुसता पुसट.

कागद टेपने लोंबकळत ठेवला आणि या वेळी एक शब्द बोलले नाही. अवघड गेलं, जीभ चावून बसले होते. मैत्रिणीने टिपलेलं समोर आहे. अकरा जणांपैकी आठ जणांनी आधी मान सांगितली, मग खांद्यावरून दंडावर, मग उजवा हात. आणि आठही जण हातावर थांबले. "हातमोजा आहे का?" "बोटं मोजता येत नाहीत." "हा हात झोपलेला नाही, ठेवलेला आहे." एवढं तीन वेगवेगळ्या लोकांनी.

मॅडमनी मग कागद वर उचलला, खाली सोडला, पुन्हा उचलला. प्रत्येक वेळी सगळ्यांच्या माना हातावरून रिळाकडे आणि परत. काही बोलल्या नाहीत.

घरी येऊन स्केचबुक उघडलं. चौदातल्या पहिल्या पाच थंबनेलांत रीळ नाहीच. सहाव्यात हात तीनदा खोडलाय, कागद खरबरीत झालाय, आणि तिथेच खालच्या कोपऱ्यात ठिपका पहिल्यांदा आलाय. खरवडपट्टी, हे तुम्ही लिहिलंत तेव्हा मला राग आला होता.

आईला काल मशीनवर बसवून तिच्या हाताची वीस ड्रॉइंग केली. ती जागी होती, त्यामुळे हात पुन्हा ठेवलेलाच येतोय. खरोखर डुलकी लागलेल्या हाताची बोटं आपोआप आत वळतात, अंगठा सैल पडतो, ते तिला मुद्दाम करता येत नाही. आता दुपारी स्केचबुक घेऊन वाट बघत बसायचं.

एक शेवटचं विचारते. हातावरचा रंग वर साय धरून बसलाय, आत मऊ आहे. तो आत्ताच नाइफने खरवडून घेऊ की पूर्ण वाळू देऊन वरून करू? आणि रिळाला तूर्त कागद आहे, तो तसाच ठेवते.

खरवडपट्टी:

नाव काय आहे माझं? खरवड. साय धरली असेल तर उद्यापर्यंत थांबू नकोस. वाळल्यावर वरून करशील तर जुन्या हाताचे फुगवटे नव्या बोटांतून वर दिसत राहतील. वरची साय आधी निघू दे, मग नाइफ आडवा धर, कापडाचं विणकाम दिसेपर्यंत, जोर न लावता. मग थोड्या टर्पेंटाइनच्या फडक्याने एकदा पूस. नवा थर पातळ घे, तेल जास्त घालू नकोस, ते वरच्या थरांसाठी राहू दे.

आणि दुपारची ड्रॉइंग इथे टाक.