मदत हवी आहे: घोडीला पोटशूळ, रात्री येणारे घोड्यांचे डॉक्टर हवेत (खडकवासला)

काठियावाडी घोडी, वय 9, वजन अंदाजे 350 किलो. दुपारपासून पुढच्या पायाने जमीन उकरतेय, मान वळवून कुशीकडे बघतेय, मध्येच वरचा ओठ मुडपते. सकाळनंतर लीद नाही. शेवटची आली ती सुपारीएवढी, कोरडी, वर चिकट पापुद्रा. नाडी 56 (एरवी 28 ते 44), ताप नाही. हिरड्या फिकट, बोटाने दाबल्यावर रंग परतायला 3 सेकंद लागतात. उजव्या कुशीला कान लावला तर गुडगुड जवळपास बंद. ओल्या घासावरून एकदम कडब्यावर आणलं होतं, त्यामुळे आतड्यात गोळा अडकल्याची शंका आहे.

वैरण काढलीय. वेदनाशामक मुद्दाम दिलेलं नाही, दुखणं झाकलं जातं आणि तपासणाऱ्याला अंदाज येत नाही. बाटलीने तेल पाजा असं कृपया कोणी सुचवू नका, फुप्फुसात जातं. घोड्याला उलटी होत नाही, पोटातला दाब काढायला नाकातून नळीच लागते.

1962 ला (जनावरांच्या दवाखान्याची सरकारी हेल्पलाइन) फोन केलाय. सिंहगड रोड, वारजे किंवा कॅम्पकडचे, नळी-पंप घेऊन येणारे डॉक्टर माहीत आहेत का? आणि नाडी 60 च्या वर गेली, तर पोटाच्या ऑपरेशनची सोय जवळात जवळ कुठे? टेम्पो दारात उभा आहे.