मदत हवी आहे: व्हॉलंटियरिंगला परदेशी जातेय, ५ आठवडे उरलेत, तयारी काय करू?

कोरा_कागद
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात निघायचंय, ३ महिन्यांसाठी, कम्युनिटी डेव्हलपमेंटचं काम आहे. तयारीची धड माहिती कुठेच मिळत नाहीये, जो तो आपले अनुभव किती भारी होते तेच सांगतो. लसी कुठल्या घ्यायच्या, औषधं किती न्यायची, भाषा येत नाही त्याचं काय करायचं? प्लीज लवकर सांगा.

रानपाखरू
कुठला देश? संस्था कोणती? काम नेमकं काय? विहीर खणण्यापासून मुलांना शिकवण्यापर्यंत सगळ्याला कम्युनिटी डेव्हलपमेंट म्हणतात. एवढ्यावर कोण काय सांगणार?

शून्यमिती
यूएन व्हॉलंटियर्समधून का जात नाहीस? १९७० पासूनचा कार्यक्रम आहे, मुख्यालय जर्मनीत बॉनला. पैसे घेत नाहीत, उलट भत्ता देतात. आधी तिथे प्रोफाइल बनव.

रानपाखरू
@शून्यमिती, अहो तिला ५ आठवड्यांत निघायचंय, तिथली निवड एवढ्यात होत नाही. ती विचारतेय काय आणि आपण सांगतोय काय.

कोरा_कागद
देशाचं नाव मुद्दाम टाकलं नाही. आफ्रिकेतला आहे, यलो फिव्हरचं सर्टिफिकेट मागतात. संस्था छोटी आहे. बायकांच्या बचत गटांचे हिशोब नीट लावून द्यायचेत, मी अकाउंट्समध्ये आहे म्हणून घेतलं. आता लसींचं सांगाल का कोणी?

दिवेलागण
यलो फिव्हरची लस मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते, आणि सर्टिफिकेट लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस. एकदा घेतली की आयुष्यभर चालतं, २०१६ पासून तसा नियम आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरला आधीच सांग. टायफॉइड, हिपॅटायटिस ए याच फेरीत विचारून घे. हिपॅटायटिस बीचा नेहमीचा कोर्स ६ महिन्यांचा असतो, तो आधी झालाय का बघ. रेबीजची आगाऊ लस ० आणि ७ व्या दिवशी घेता येते, पण कुत्रं चावलं तर पुढचे डोस घ्यावेच लागतात, हे लोक विसरतात.

जुना_खलाशी
मलेरियाच्या गोळ्यांच्या नादी लागू नका. मी २ वर्षं एकही गोळी न घेता काढली, मच्छरदाणी पुरते.

दिवेलागण
@जुना_खलाशी, तुम्हाला झाला नाही हे चांगलंच झालं, पण कृपया असा सल्ला देऊ नका. लहानपणापासून तिथेच वाढलेल्यांमध्ये थोडी प्रतिकारशक्ती असते, बाहेरून जाणाऱ्याला ती नसते. मच्छरदाणी हवीच, गोळ्याही हव्यात. डॉक्सीसायक्लिन दिली तर निघायच्या १-२ दिवस आधी सुरू करून परत आल्यावरही ४ आठवडे घ्यायची असते, आणि बरेच जण घरी पोचले की सोडून देतात. कुठली गोळी ते डॉक्टर ठरवतील.

रानपाखरू
व्हिसा कुठला आहे?

कोरा_कागद
संस्था म्हणाली टूरिस्टवर या, सगळे तसेच येतात. अर्धे पैसे भरलेत मी.

रानपाखरू
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतंस! बऱ्याच देशांत बिनपगारी कामसुद्धा टूरिस्ट व्हिसावर चालत नाही. अडकलीस तर तू अडकशील, संस्था नाही. त्यांच्याकडून परवान्याचं लेखी घे, आणि तारीख पुढे गेली तर पैशांचं काय तेही.

सावली_दुपारची
मी अशाच गटांबरोबर काम केलंय म्हणून मोठं लिहितेय. तिकडे बहुतेक जागी व्हीएसएलए म्हणजे गावातल्या बचत-कर्ज गटांची पद्धत असते. केअर या मदतसंस्थेने १९९१ मध्ये नायजरमध्ये सुरू केली. १५ ते २५ जणी, पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे, त्यामुळे मीटिंगशिवाय पेटी उघडत नाही. दर मीटिंगला प्रत्येकीने १ ते ५ शेअर, म्हणजे ठरलेल्या रकमेचे बचतीचे हिस्से, घ्यायचे, शेअरमागे पासबुकात एक शिक्का, आणि साधारण वर्षाने व्याजासकट सगळं वाटून टाकायचं. लिहिता-वाचता न येणारीलाही आपले शिक्के मोजता येतात. मी गेले आणि सगळं एक्सेलमध्ये भरलं, महिनाभर रात्री जागून. मी निघाले आणि फाइल बंद पडली, कारण लॅपटॉप माझा होता आणि आकडे फक्त मला दिसायचे. आजही वाईट वाटतं. तेव्हा तू काही नवीन बनवू नकोस, पहिल्या ३-४ मीटिंगांना नुसती बस. भाषेचं म्हणशील तर आकडे, नमस्कार आणि 'पुन्हा सांगाल का' एवढं घोकून जा, बाकी दुभाषी सांभाळेल. दुभाष्याचे पैसे कोण देणार ते मात्र आत्ताच विचार.

शून्यमिती
अवांतर: बॅगेचं वजन कोणी बोललंच नाही. चाकांची बॅग कच्च्या रस्त्यावर निरुपयोगी, सॅकच ने. हेडलॅम्पही.

कोरा_कागद
सगळ्यांचे आभार, चिडून लिहिलं होतं त्याबद्दल सॉरी. लसीची अपॉइंटमेंट परवाची मिळाली. संस्थेला मेल केला, परवान्याचं पत्र देतो म्हणाले, पण ३ आठवडे लागतील, म्हणून तिकीट पुढे ढकलतेय. दुभाष्याचं अजून उत्तर नाही. पासबुकाच्या एका पानाचा फोटो मात्र पाठवलाय. शिक्क्यांच्या चौकटी कळल्या, खाली दंडासारखं काही आहे ते कळलं नाही. @सावली_दुपारची, ते शेअरमध्ये धरतात का?

सावली_दुपारची
शेअरमध्ये नाही. उशिरा येणं, गैरहजेरी याचा दंड असेल. ते पैसे कर्जाच्या निधीत जातात की अडीअडचणीच्या, हे प्रत्येक गटाने आपल्या नियमावलीत ठरवलेलं असतं. ती नियमावली मागव आता.