कार सीट म्हणे सामानात टाका आणि सुटा!

दोन_पिल्लांची_आई:
परवा कुणीतरी 'मुलांसोबत सुटसुटीत विमानप्रवास' असा लेख टाकला होता. त्यातला पहिलाच सल्ला, मुलाला गाडीत बांधून बसवायच्या सीटबद्दल: "कार सीट चेक-इनला देऊन मोकळे व्हा. प्लॅस्टिकची खुर्ची आहे ती, काचेचं झुंबर नाही. ती घेऊन विमानतळभर हमाली करणाऱ्या आयांची कीव येते." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. तिथे दोनदा प्रतिसाद टंकला, दोनदा पुसला. आता वेगळा धागाच काढते.

तर ती हमाल आई मी.

मीही एकदा दिली होती सामानात. बॅगा आल्या, सीट नाही. पट्टा थांबला तरी नाही. अवजड सामान वेगळ्या कोपऱ्यात काढून ठेवतात हे विचारत विचारत कळलं. तिथे ती पालथी पडलेली, वरची पिशवी फाटलेली. डोक्यापाशी जे दोन पंख असतात त्यातल्या डाव्याचं कापड वर केलं तर आतल्या थर्माकोलचा तुकडा हातात आला. रात्रीचे साडेअकरा, धाकटी खांद्यावर झोपलेली, बाहेर गाडी उभी. त्याच सीटमध्ये बसवून नेलं तिला, कारण दुसरं काय करणार होते? रस्ताभर माझा हात तिच्या डोक्यापाशी. जणू माझ्या हाताने काही थांबणार होतं.

तक्रार तिथल्या तिथे लिहून द्यायला हवी होती, दिली नाही. नंतर मेल केला तर 'वापरातली सामान्य झीज' असं उत्तर. तीन महिने वापरलेली सीट! माँट्रियल करार म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा करार; त्यानुसार चेक-इन सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते, हे ज्ञान मला नवव्या दिवशी प्राप्त झालं.

आता सीट माझ्यासोबत गेटपर्यंत येते आणि विमानातही येते. दोन चाकांची बॅग घ्यायची, सीटची पाठ बॅगेला टेकवायची, गाडीच्या आसनाच्या खालच्या कड्यांना (अँकरला) लावतो तोच पट्टा बॅगेच्या दांड्याभोवती फिरवून आवळायचा, मग दांडा खाली ढकलायचा की पट्टा चिमटीत सापडतो. चार चाकांची उभी बॅग घेऊ नका, सीटच्या वजनाने तोंडावर आपटते. लेक त्यात बसते, मी ओढते. हमालीच आहे, पण कीव नको.

हलकंफुलकं:
तो लेख माझाच. वाहवाबद्दल आभार मानायचे राहिले होते, इथे मानतो.

ताई, तुमची एक सीट फुटली म्हणून जगाने ओझी वाहायची का? आम्ही चार प्रवासांत चारही वेळा चेक-इन केली, एक ओरखडा नाही. आता सुरक्षा तपासणीचं चित्र डोळ्यांपुढे आणा. पोराला सीटमधून काढा, ते रडणार. स्ट्रोलर मिटवा, तो मिटणार नाही. सीट स्कॅनरच्या बोगद्यात मावत नाही, म्हणून बाजूला नेऊन हाताने तपासणार. तोवर पोर अनवाणी दुसऱ्याच रांगेत. मागे चाळीस माणसं उसासे सोडतायत. हे सगळं कशासाठी, तर जी वस्तू अपघात सोसायला बनवली आहे ती लोडरच्या हाताला घाबरते म्हणून?

नटबोल्ट:
"अपघात सोसायला बनवली" यातच घोळ आहे. ती *एक* अपघात सोसायला बनवलेली असते. तो थर्माकोल चेपून धक्का पितो आणि चेपला की परत फुगत नाही. हेल्मेटचंही तेच. शिवाय गाडीत बसतो तो धक्का पट्ट्यांतून, ठरलेल्या दिशेने. विमानाच्या पोटातून सीट खाली पडते ती कुठल्यातरी कोपऱ्यावर. या दोन गोष्टी एक नाहीत.

पण ताईंच्या बाजूने बोलतोय असं समजू नका. 'एकदा पडली की सीट बाद' हेही खरं नाही. अमेरिकेची रस्ता सुरक्षा यंत्रणा, एनएचटीएसए, सांगते की किरकोळ अपघातानंतर सीट बदललीच पाहिजे असं नाही. किरकोळ म्हणजे काय तेही सांगितलंय: गाडी चालवत नेता आली, सीटजवळचं दार शाबूत, कुणाला इजा नाही, एअरबॅग उघडली नाही, सीटवर दिसण्यासारखं नुकसान नाही. पाचही हवेत. मध्यम किंवा मोठ्या अपघातानंतर मात्र बदलायचीच. तुमच्या सीटचा तुकडा हातात आला होता, म्हणजे विषय संपला होता. ती वापरायला नको होती.

दोन_पिल्लांची_आई:
@नटबोल्ट, रात्री साडेअकराला तुम्ही आणून देणार होतात का दुसरी?

नटबोल्ट:
नसती दिली. चूक ती चूकच.

खिडकीपाशी:
तिसरा पर्याय कुणीच काढला नाही म्हणून. मी सीट गेटवर, म्हणजे विमानात चढायच्या आधी, सामानात देणाऱ्यांतला होतो. लोकांना वाटतं गेटवर दिली म्हणजे कुणी फुलासारखी उचलून नेतं. सरकत्या पट्ट्यांचे दोन-तीन टप्पे वाचतात हे खरं, पण जाते ती त्याच पोटात. एकदा माझी जागा बरोबर त्या बाजूला होती. पाऊस. जिन्याशेजारच्या घसरगुंडीवरून आधी एक स्ट्रोलर आला, मग आमची सीट, उताणी. खाली पोचली आणि तशीच पडून राहिली. वीस मिनिटं तिच्यात पाणी साठताना मी काचेतून पाहतोय आणि शेजारी बायको म्हणतेय, "पिशवीत घाल म्हटलं होतं." उतरल्यावर मुलीला ओल्या सीटवर बसवलं. तिने जो सूर लावला तो मुक्कामापर्यंत.

सीटबेल्ट_लावा:
चेक-इन की गेट यावर भांडताय, पण विमानातच का नेत नाही? तिकीट काढा, सीट न्या, पोराला त्यात बांधा. सीटही वाचते, पोरही.

१९ जुलै १९८९, अमेरिकेतलं सू सिटी. डीसी-१० विमानाच्या शेपटीतलं इंजिन फुटलं, विमान वळवणाऱ्या तेलदाबाच्या यंत्रणा (हायड्रॉलिक्स) तिन्ही गेल्या. चार बाळं मांडीवर होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे क्रूने आयांना बाळं जमिनीवर ठेवून धरायला सांगितलं. त्यातलं एक वाचलं नाही. ती सूचना देणाऱ्या मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी पुढे वर्षानुवर्षं एकच मागणी लावून धरली, की दोन वर्षांखालच्या मुलालाही स्वतःची जागा आणि पट्टा हवा. नियम अजून झालेला नाही. अमेरिकेत आजही दोन वर्षांपर्यंतचं मूल मांडीवर चालतं.

हलकंफुलकं:
नियम का झाला नाही तेही सांगा ना. अर्धी गोष्ट सांगायची आणि घाबरवायचं! २००५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक यंत्रणेने, एफएएने, विचार करूनच सक्ती नाकारली. बाळाचं तिकीट सक्तीचं केलं तर परवडत नाही म्हणून लोक गाडीने जातील, आणि रस्त्यावर जास्त जीव जातील. म्हणजे मांडी + विमान हे कार सीट + महामार्ग यापेक्षा बरं. हे मी नाही, एफएए म्हणतंय.

सीटबेल्ट_लावा:
आणि तीच एफएए त्याच तोंडाने सांगते की तुमची मांडी ही बाळाची सर्वांत सुरक्षित जागा नाही. सक्ती नाही म्हणजे गरज नाही, असं वाचायला विशेष प्रतिभा लागते.

निवृत्त_पण_जागा:
आमची तीन मुलं मांडीवर प्रवास करून मोठी झाली. गाडी, बस, विमान, सगळं मांडीवर. तिघंही धडधाकट आहेत. हल्ली पोर जन्मायच्या आधी सीट जन्मते.

दोन_पिल्लांची_आई:
काका, ज्यांची धडधाकट राहिली नाहीत ते इथे प्रतिसाद लिहायला येत नाहीत.

निवृत्त_पण_जागा:
हे बोलणं मला आवडलं नाही.

पाठ_टेकू_द्या:
अवांतर, पण कुणीतरी बोललंच पाहिजे. या सीटा विमानात आणणाऱ्यांनी पुढच्या माणसाचा विचार केलाय कधी? नऊ तासांचा रात्रीचा प्रवास. मी बटण दाबतोय, पाठ मागे जातच नाही. वळून पाहिलं तर मागे उलट्या तोंडाची सीट माझ्या पाठीला पाचरीसारखी ठोकलेली. बाईंना म्हटलं, तर "आमचं तिकीट आहे." अहो, माझं काय फुकट होतं? नऊ तास काटकोनात बसून आलो. दुसऱ्या दिवशी मान वळेना.

सीटबेल्ट_लावा:
बाळाच्या मानेपेक्षा तुमची मान महत्त्वाची का?

पाठ_टेकू_द्या:
माझ्या मानेला मी एकटाच आहे. बाळाच्या मानेला तुम्ही सगळे आहात.

लांबतंगडी:
+१००. आणि पाठ मागे टाकणारे तरी काय साधू आहेत? माझी उंची सहा फूट दोन इंच. पुढचा माणूस जेवणाच्या वेळेलाही पाठ मागे टाकतो, माझ्या गुडघ्यांचं पीठ होतं. मी तर म्हणतो प्रत्येकाच्या मागे एकेक कार सीट लावा.

पाठ_टेकू_द्या:
बटण विमान कंपनीने दिलंय, मी घरून आणलेलं नाही.

लांबतंगडी:
गुडघेही मी घरूनच आणलेत, पण सोडून येता येत नाहीत.

खिडकीपाशी:
जेवणाच्या वेळी पाठ सरळ करावी हा साधा शिष्टाचार आहे. रात्री मागे टाकायला हरकत नाही, पण आधी वळून बघावं. मागच्याच्या ट्रेवर गरम चहा असतो.

पाठ_टेकू_द्या:
मी नेहमी वळून बघतो. म्हणून तर सीट दिसली.

हलकंफुलकं:
बघा! म्हणून म्हणत होतो, सामानात टाका. पुढच्याची पाठ वाचते, मागच्याचे गुडघे वाचतात, आपले हात वाचतात.

दोन_पिल्लांची_आई:
धागा कार सीटचा आहे, पाठदुखीचा नाही!! सात प्रतिसाद झाले गुडघ्यांवर.

पाठटेकू साहेब, तरी एक विचारते. त्या नऊ तासांत मागून किती लाथा बसल्या?

पाठ_टेकू_द्या:
लाथा? एकही नाही. का?

दोन_पिल्लांची_आई:
कारण पोराचं तोंड मागे, पाय मागे. पुढे तुमच्या पाठीशी फक्त प्लॅस्टिक. तेच पोर पुढे तोंड करून कार सीटमध्ये बसलं असतं तर सीटच्या उंचीमुळे पाय नेमके तुमच्या कमरेला पोचले असते. माझी मोठी अशीच बसते. पुढच्यांची काय अवस्था होते ते मी पाहिलंय, आणि दर वेळी माफी मागत बसते.

पाठ_टेकू_द्या:
हं. हे खरं आहे. परतीच्या विमानात मागे मांडीवरचं पोर होतं, सहा तास तबला वाजत होता. पण मान दुखली ती दुखलीच.

परदेशी_पट्टा:
'विमानात न्या' म्हणणाऱ्यांनी सगळ्या सीटा चालतात असं गृहीत धरलंय. आमची युरोपातली, आयसोफिक्सवाली, म्हणजे गाडीच्या आसनातल्या कड्यांना अडकणारी. नाहीतर तीन बिंदूंचा, म्हणजे कमरेवरून आणि खांद्यावरून येणारा पट्टा लागतो. विमानात फक्त कमरेचा पट्टा, आयसोफिक्स औषधालाही नाही. सीट दारापर्यंत वाहून नेली, क्रूने पट्टा लावून पाहिला, बसेना, गेली शेवटी पोटातच. अमेरिकन सीटा कमरेच्या पट्ट्याने बसतात. त्यांवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ही मोटारीत आणि विमानात दोन्हीकडे वापरायला प्रमाणित आहे. ते लेबल घरीच शोधा. आमच्यासारखं रांगेत सीट उलटी धरून नका शोधू. आणि नुसता बूस्टर, म्हणजे मोठ्या मुलाला उंच बसवायची बैठक, असेल तर उड्डाण आणि उतरताना तो चालतच नाही, कारण त्याला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो.

सीटबेल्ट_लावा:
हे मी लिहायला हवं होतं. मान्य. मोठ्या मुलांसाठी केअर्स नावाचा पट्ट्यांचा हार्नेस मिळतो, विमानाच्या पाठीला अडकवायचा. १० ते २० किलो वजन आणि साधारण १०० सेंटिमीटर उंचीपर्यंत. हातातल्या पिशवीत मावतो.

परदेशी_पट्टा:
आणि उतरल्यावर गाडीत? तो मोटारीत चालत नाही. म्हणजे कार सीट आहेच पोटात. फिरून भोपळे चौकात.

बाबा_पहिलटकर:
सगळं वाचलं, डोकं गरगरतंय. उद्या पहाटेचं विमान आहे. मुलगा तीन वर्षांचा, त्याचं तिकीट आहे, सीट अकरा किलोची, लाल अक्षरं आहेत. मी एकटाच घेऊन चाललोय, बायको आधीच तिकडे गेली आहे. एका ओळीत सांगा, काय करू?

हलकंफुलकं:
चेक-इन.

दोन_पिल्लांची_आई:
विमानात न्या. खिडकीची जागा घ्या, म्हणजे कुणाची वाट अडत नाही. आणीबाणीच्या दाराची ओळ आणि तिच्या लगतच्या ओळी सोडून. शक्य असेल तर आधी आत सोडायची विनंती करा, मागे माणसं तुंबली की हात थरथरतात.

नटबोल्ट:
आणि बकल सांभाळा. सीट पुढे तोंड करून लावली की विमानाच्या पट्ट्याचं बकल नेमकं पोराच्या पाठीमागे, सीटच्या आत येतं. त्याची उघडायची पट्टी सीटच्या सांगाड्याला चिकटून अडकली तर उतरताना उघडत नाही, कारण ती वर उचलायला जागाच उरत नाही. लावतानाच बकलाची बाजू एकदा पिळून उलटी करा, म्हणजे पट्टी मोकळ्या बाजूला येईल. आवळायच्या आधी एकदा उघडून बघा. मी हे न बघता लावली होती. सगळं विमान रिकामं झालं तरी मी आणि दोन क्रू त्या सीटशी झटतोय, आणि पोर झोपलेलं.

बाबा_पहिलटकर:
धन्यवाद. आणि हे सगळं करताना मुलाला कुठे ठेवू?

लांबतंगडी:
शेजारच्याच्या मांडीवर.

निवृत्त_पण_जागा:
शेवटी मांडीच लागली ना!