रॅमिप्रिलनंतर कोरडा खोकला, क्रिएटिनिनही वाढलं. गोळी बदलावी का?

रानजाई: रुग्णाचं वय ५८, टाइप २ मधुमेह. मेटफॉर्मिन ५०० आणि व्हिल्डाग्लिप्टिन ५०, दोन्ही दिवसातून दोनदा. यूएसीआर (लघवीतून किती प्रथिन जातं ते दाखवणारी तपासणी) १४० आल्यावर रॅमिप्रिल ५ (रक्तदाब उतरवणारी, मूत्रपिंड जपणारी गोळी) सुरू झाली. तीन आठवड्यांत घशात खवखव, रात्री कोरडा खोकला. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) १.० चं १.२ झालं, पोटॅशियम ५.३. सोमवारी डॉक्टरांना काय काय विचारावं?

खलबत्ता: खोकला गोळीचाच असण्याची शक्यता जास्त. रॅमिप्रिल एसीई हे एन्झाइम अडवते. त्यामुळे रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-२ कमी तयार होतं, दाब उतरतो. पण हेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं शरीरातलं रसायनही मोडतं. ते मोडायचं थांबलं की साचतं आणि घसा खाजवत राहतं. म्हणून कफ सिरपच्या बाटल्या आणू नका. गोळी बंद झाल्यावर खोकला बहुधा १ ते ४ आठवड्यांत जातो.

टेल्मिसार्टन ४० बद्दल विचारा. ती एन्झाइमला हात लावत नाही, अँजिओटेन्सिन-२ जिथे जाऊन काम करतं तो पुढचा रिसेप्टर अडवते. मूत्रपिंडाचं संरक्षण तेवढंच मिळतं. मात्र दोन्ही एकत्र नकोत. २००८ च्या ऑनटार्गेट अभ्यासात जोडीने जास्त फायदा झाला नाही, उलट मूत्रपिंडाचा त्रास वाढला.

आणखी एक, आणि हे चिठ्ठीवर सगळ्यात वर लिहा. व्हिल्डाग्लिप्टिन डीपीपी-४ एन्झाइम अडवते. सबस्टन्स-पी या सूज आणणाऱ्या रसायनाला मोडण्याचं काम डीपीपी-४ आणि एसीई दोघंही करतात. दोन्ही वाटा एकदम बंद झाल्या तर ओठ, जीभ सुजण्याचा धोका वाढतो. क्वचित होतं, पण झालं तर सोमवारची वाट बघायची नाही, तडक इमर्जन्सी गाठायची.

तुळशीवृंदावन: क्रिएटिनिनला घाबरू नका. रॅमिप्रिल मूत्रपिंडाच्या गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करते, आतला दाब उतरतो, म्हणून आकडा थोडा चढतो. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालते, तुमची २० आहे.

वाढलेल्या पोटॅशियमकडे मात्र बघा. स्वयंपाकात लो सोडियम मीठ आहे का? त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. रोज शहाळं? गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन? या सगळ्यांनी ते वाढू शकतं, म्हणून डॉक्टरांना सांगा. रक्त देताना पट्टा करकचून बांधून मूठ सारखी उघडमीट केली असेल, तरी आकडा खोटा वाढतो. मूठ सैल ठेवून पुन्हा तपासा. गोळी बदलली, तरी १-२ आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम हवंच.

यूएसीआरसुद्धा एकाच आकड्यावर धरू नका. सकाळची पहिली लघवी द्या. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशी दमछाक करणारा व्यायाम असेल तर पुढे ढकला. ३ ते ६ महिन्यांत तीनपैकी दोन नमुने ३० च्या वर आले तरच पक्कं धरतात.

रानजाई: मिठाचा डबा बघितला, लो सोडियमच आहे! जुलाब-उलट्या झाल्या तर गोळ्या चालू ठेवायच्या का?

खलबत्ता: अंगातलं पाणी कमी झालं की रॅमिप्रिल आणि मेटफॉर्मिन दोन्ही त्रास देऊ शकतात. डॉक्टर बहुधा दोन्ही थांबवायला सांगतात आणि खाणंपिणं पूर्ववत झाल्यावर २४ ते ४८ तासांनी पुन्हा सुरू करतात. सोमवारीच विचारून ते औषधांच्या डब्यावर लिहून चिकटवा.