मदत हवी आहे: पुण्यात सिंहगड रोड परिसरात लहान मुलांसाठी चांगली बाग सुचवा

नमस्कार मंडळी, आम्ही नुकतेच आनंदनगरला राहायला आलोय. लेक साडेचार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. सोसायटीत घसरगुंडी आहे, पण पत्र्याची. दुपारी चारला तिच्यावर पापड भाजून निघेल! आणि खाली पेव्हर ब्लॉक, म्हणजे पोर पडलं की गुडघा फुटलाच.

पु. ल. देशपांडे उद्यान जवळच आहे, सुंदरही आहे. पण जपानी धाटणीची बाग ती, मुलांना हिरवळीवर हुंदडू देत नाहीत. पेशवे उद्यानातली फुलराणी दोघांना आवडेल (१९५६ पासूनची छोटी आगगाडी, आमच्या आईनेही त्यात बसून घेतलंय!), पण तिथे रोज कसं जाणार?

तर वडगाव, धायरी, हिंगणे, माणिकबाग या बाजूला महापालिकेची एखादी बाग आहे का, जिथे खाली माती किंवा वाळू आहे, तान्ह्यांना बसवता येईल असा पुढून कडी असलेला झोपाळा आहे, आणि आजीला टेकायला सावलीतला बाक? झोपाळ्याच्या साखळ्या धड आहेत का, तेही सांगा. संध्याकाळी किती वाजता उघडते? स्वच्छतागृह असेल तर दुधात साखर. स्वतः मुलांना नेलेल्यांनीच सांगा प्लीज, गूगलचे तारे बघून झालेत.